तरवड अंगणात लावताना: बियांपासून तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत

भाद्रपद-आश्विनात फलटणहून दहिवडीकडे किंवा पुण्याहून सोलापूरकडे निघाले, की माळावर, बांधावर आणि रस्त्याकडेच्या उघड्या मुरमात पिवळ्याधमक फुलांनी डवरलेली, कमरेएवढी किंवा थोडी अधिक उंच झुडपे जागोजागी दिसू लागतात. ती तरवडाची झुडपे होत. देशावरच्या अनेक घरांत नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढवली जाते, त्यामुळे हे फूल ओळखीचे असते. मात्र ते आपल्या अंगणात लावावे असा विचार फारसा कोणी करत नाही. माळावर फुकट उगवणाऱ्या झाडाला बागेत मान नसतो, हे त्यामागचे कारण असावे. रोपवाटिकांतही तरवडाचे रोप क्वचितच मिळते, आणि पिवळ्या फुलांचे काटक झुडूप मागितले तर बहुधा अमेरिका खंडातून आलेला टेकोमा हाती ठेवला जातो. म्हणून या लेखाची सुरुवात बियांपासून केली आहे.

ज्या भागात वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि बागेला टँकरचे पाणी घालणे मनाला पटत नाही, तिथल्या नवशिक्या बागकर्त्यासाठी हे लेखन आहे. कोकणपट्टीत किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी तरवडाच्या नादी लागू नये. तिथल्या पावसात त्याची मुळे महिनोनमहिने ओली राहतात आणि झाड रोडावते. सह्याद्रीच्या परिसरात धायटी हे अधिक शहाणपणाचे झुडूप ठरेल.

आधी झाड नीट ओळखावे

बी गोळा करायचे तर ज्या झाडाचे घेतो ते तरवडच आहे याची खात्री हवी. नावांचा घोटाळा इथेच सुरू होतो. विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात तो पावसाळ्यात उगवणारा टाकळा होय, त्याची कोवळ्या पानांची भाजी करतात, आणि तो हंगाम संपताच वाळून जातो; तरवड हे मात्र अनेक वर्षे जगणारे, खोड लाकडी होणारे झुडूप आहे. दोन्ही एकाच गोत्रातले, दोघांची फुले पिवळी आणि पाने संयुक्त, त्यामुळे लांबून फसगत होते.

खात्रीची खूण पानाच्या देठाशी असते. तरवडाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी, गोलसर आणि चांगली मोठी दोन उपपर्णे असतात व ती लवकर गळून पडत नाहीत. शास्त्रीय नाव ‘सेना ऑरिक्युलाटा’ यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘कानांची’ असा आहे. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीची नोंद ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ अशी केली होती, आणि जुन्या मराठी पुस्तकांत तेच नाव सापडते. पानात पर्णिकांच्या साधारण आठ ते बारा जोड्या असतात, टोकाला एकटी पर्णिका नसते. टाकळ्याच्या पानात जेमतेम तीन जोड्या असतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आणि आत बी असेल तिथे किंचित फुगलेली. ही तीन चिन्हे जुळली तर पुढे जावे, एखादेच जुळले तर ते झाड सोडून द्यावे.

शेजारच्या तेलंगणात याच झाडाला ‘तंगेडु’ म्हणतात. २०१४ मध्ये निर्माण झालेल्या त्या राज्याचे हे राज्यफूल आहे आणि बतुकम्मा या सणातली फुलांची रास त्याच्याशिवाय पुरी होत नाही. सोलापुरातल्या तेलुगू भाषक वस्त्यांतही हा सण साजरा होतो, तेव्हा त्या दिवसांत तिथल्या फुलबाजारात तरवड निरखून पाहण्याची चांगली संधी असते.

जागेची निवड

तरवडाला दिवसाचे किमान सहा-सात तास थेट ऊन हवे. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत ते लांबट, विरळ वाढते आणि फुले मोजकीच येतात. माती कशीही चालते असे म्हणताना मात्र एक अट जोडावी लागेल, ती म्हणजे पाणी साचता कामा नये. मुरमाड, दगडगोट्यांची, चुनखडीची जमीन त्याला मानवते. ज्या कोपऱ्यात गुलाब आणि मोगरा रुसून बसतात, तो कोपरा तरवडासाठी राखून ठेवावा. खोल काळ्या जमिनीत लावायचे असेल तर मुरूम आणि माती मिसळून सुमारे एक फूट उंचीचा, तीन फूट रुंदीचा उंचवटा करावा व झाड त्याच्या माथ्यावर लावावे, म्हणजे पावसाचे पाणी मुळांजवळ न थांबता बाजूला उतरेल.

जागा निवडताना बागेतल्या पाण्याची पाइपलाइनही लक्षात घ्यावी. हिरवळीच्या कडेला, केळीच्या आळ्याजवळ किंवा मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर तरवड लावणे म्हणजे त्याला हळूहळू मारणे होय. मी पहिले झुडूप ठिबकच्या नळीवर, शेवंतीच्या ओळीतच लावले होते. दीड वर्ष ते उत्तम वाढले, आणि मग एका पावसाळ्यात पंधरा दिवसांत पिवळे पडून मेले. उपटले तेव्हा मुळे काळी, मऊ आणि दुर्गंधीयुक्त निघाली. शेजारी त्याच महिन्यात बांधावरच्या दगडांत, कोणीही न लावलेला तरवड फुलला होता.

एका झुडपाला सगळ्या बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा द्यावी. कुंपणासाठी ओळ लावायची असेल तर दोन रोपांत ६० ते ७५ सेंटीमीटर अंतर पुरते. गुरे व शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे शेताच्या बांधावर किंवा उघड्या प्लॉटच्या कडेला हे कुंपण राखण न करताही टिकते. मात्र त्याला काटे नसल्यामुळे ते जनावर अडवेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बी केव्हा आणि कसे गोळा करावे

शेंगा डिसेंबरपासून पिकू लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत तपकिरी होऊन झाडावरच खुळखुळतात. हीच वेळ योग्य. हिरवट शेंगेतले बी मऊ असते व साठवणीत सुरकुतते. एकाच झाडाला ओरबाडण्यापेक्षा पाच-सहा झाडांच्या थोड्या थोड्या शेंगा घ्याव्यात, म्हणजे रोपांत वैविध्य राहते आणि माळावरच्या पुढच्या पिढीसाठीही बी उरते.

इथे एक विनंती आवर्जून करावीशी वाटते. माळावरचे तयार झुडूप खणून घरी आणण्याचा मोह टाळावा. तरवडाचे सोटमूळ खडकाच्या फटीत खोलवर गेलेले असते, खणताना ते तुटतेच, आणि तुटलेल्या मुळाचे झुडूप बहुधा जगत नाही. म्हणजे माळावरचेही गेले आणि घरचेही.

शेंगा दोन दिवस उन्हात वाळवून हाताने चुरडाव्यात आणि सुपात पाखडून बी वेगळे करावे. त्यात भोके पडलेले बी हमखास निघते. भुंगेऱ्याच्या अळीने आतला गर खाल्लेला असतो. सगळे बी पाण्यात टाकल्यास असे पोकळ बी बहुतांशी वर तरंगते, ते काढून टाकावे. बुडालेले बी सावलीत पुन्हा कोरडे करून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह काचेच्या बरणीत ठेवावे. जूनपर्यंत ते उत्तम टिकते, आणि त्याचे कवच कठीण असल्यामुळे पुढच्या वर्षीही उगवते.

कवचाचा अडसर

नवशिक्यांचा बहुतेक भ्रमनिरास याच टप्प्यावर होतो. बी पेरले, पाणी घातले, महिना उलटला तरी काही उगवले नाही, आणि बी खराब होते असा निष्कर्ष काढला गेला. वास्तविक बी चांगले असते, त्याच्या कवचातून पाणी आत शिरलेले नसते. माळावर हे कवच उन्हाने, घर्षणाने आणि काळाने झिजते. काही बी पहिल्या पावसात उगवते, काही दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी. एखाद्या वर्षी पाऊस दगा देईल तेव्हा सगळे बी एकदम वाया जाऊ नये, अशी ही निसर्गाची तजवीज आहे. आपल्याला मात्र ते एकाच वेळी उगवायला हवे असते.

थोडे बी असेल तर प्रत्येक बी सँडपेपरवर हलकेच घासावे, किंवा नेलकटरने त्याच्या कडेचा किंचितसा टवका काढावा. ज्या टोकाला बी शेंगेशी जोडलेले होते ते टोक सोडून विरुद्ध बाजूला हा टवका काढावा, कारण अंकुर त्या टोकाजवळ असतो. मूठभर बी असेल तर पाणी उकळून गॅस बंद करावा, चार-पाच मिनिटे थांबावे, आणि मग त्या कढत पाण्यात बी टाकून रात्रभर तसेच ठेवावे. बी गॅसवर पाण्याबरोबर उकळू नये. तसे केल्यास बी शिजते. सकाळी जे बी फुगून दुप्पट झालेले दिसेल ते पेरणीस तयार असते. जे तसेच बारीक राहिले त्यावर हीच क्रिया पुन्हा करावी.

पेरणी आणि लावणी

रोहिणी नक्षत्र संपत आले असता, म्हणजे मे महिन्याच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पिशव्या भरून ठेवाव्यात. ६ बाय ९ इंचांची काळी पिशवी घ्यावी, तळाला व बाजूला भोके असावीत. दोन भाग मुरूममिश्रित माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत एवढे मिश्रण पुरे. प्रत्येक पिशवीत फुगलेले दोन बी एक सेंटीमीटर खोल पेरावे व झारीने पाणी द्यावे. आठवडा ते पंधरवड्यात अंकुर वर येतो. दोन्ही उगवले तर दुबळे रोप उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापावे, म्हणजे शेजारच्या रोपाच्या मुळांना धक्का बसत नाही.

रोपाला खऱ्या पानांच्या चार-पाच जोड्या आल्या, म्हणजे साधारण सहा आठवडे झाले, की ते जमिनीत लावून टाकावे. ते पिशवीत मोठे करून मग लावू, असा विचार करू नये. पिशवीच्या तळाशी सोटमूळ गोल फिरू लागले की ते पुढे सरळ खाली जात नाही, आणि असे झुडूप पहिल्या कडक उन्हाळ्यात पाण्यासाठी आपल्याच तोंडाकडे पाहत बसते. रोपवाटिकेत कधी मोठे रोप मिळालेच, तर पिशवीच्या तळातून बाहेर आलेली मुळे पाहून मगच ते घ्यावे.

जागा कायम असेल आणि थोडा धीर असेल, तर मृगाचा एक चांगला पाऊस झाल्यावर बी थेट जमिनीत टोकणे सर्वांत उत्तम. एका जागी तीन बी टोकावे, भोवती दगडांचे छोटे कडे करावे, जेणेकरून तण काढताना खुरप्याखाली रोप जाणार नाही. अशी झाडे पहिल्या वर्षी वर फारशी वाढलेली दिसत नाहीत. त्यांची वाढ खाली चाललेली असते.

लावणीसाठी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. त्यातून निघालेलीच माती दोन ओंजळी शेणखत मिसळून परत भरावी. भारी खते, डीएपी वगैरे घालू नये, त्याने पाला लुसलुशीत वाढतो आणि फुले मागे पडतात. तरवड शेंगवर्गातला असला तरी त्याच्या प्रजातीतील झुडपांच्या मुळांवर नत्राच्या गाठी सहसा नसतात, तेव्हा जमीन सुपीक करण्यासाठी ते लावतो आहोत असाही समज नको. पाला गळून कुजतो तेवढा खताचा लाभ मात्र मिळतो. त्याच्या फांद्या हिरवळीच्या खतासाठी शेतात गाडण्याची जुनी रीतही आहे.

पाणी: किती, आणि मुख्य म्हणजे कधी बंद करावे

तरवड हा पाण्याविना जगणारा आहे हे खरे, परंतु लावल्या दिवसापासून नव्हे. मुळे खोल जाईपर्यंत त्याला आधार लागतो. पहिल्या पावसाळ्यात दहा दिवस पावसाने ओढ दिली तर एकदा पाणी द्यावे. पावसाळा संपल्यापासून पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत दहा ते बारा दिवसांतून एकदा, सुमारे आठ ते दहा लिटर पाणी सावकाश जिरेल असे घालावे. रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय इथे घातक आहे, कारण वरची दोन बोटे माती सतत ओली राहिली की मुळे वरच पसरतात आणि खाली जाण्याचे कष्ट घेत नाहीत. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून भोवती पालापाचोळ्याचे किंवा बारीक खडीचे आच्छादन केल्यास पाण्याच्या पाळ्या आणखी लांबवता येतात.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात पाणी देऊ नये, आणि मार्च ते मे या काळात महिन्यातून एकदाच द्यावे. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला पाणी घालायचेच नाही. उन्हाळ्यात पाने थोडी गळली, उरलेली धुळकट आणि मलूल दिसली, तरी हात आवरावा. बादली घेऊन धावणाऱ्या घरातल्या माणसांनाही हे आधीच समजावून सांगावे लागते. सुकल्यासारखे दिसणारे झाड पाहून कोणाला तरी दया येतेच. खरी तहान ओळखण्यासाठी फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड केवळ विसावा घेत आहे.

छाटणी

लावल्यानंतर बहुधा दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी चांगली फुले येतात. फुले नव्या फांद्यांच्या टोकांकडे येत असल्यामुळे जुने लाकूड दरवर्षी कमी करणे हिताचे ठरते. शेंगा काढून झाल्यावर, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत, झुडूप जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर छाटावे. कात्री धारदार असावी. फांद्या चरचरीत आणि चिवट असतात, बोथट कात्रीने साल सोलवटते. पहिल्या वर्षी छाटणी करू नये, फक्त शेंडा एकदा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात.

छाटणी फार झाली या भीतीने दचकण्याचे कारण नाही. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि कातडी कमावण्यासाठी दक्षिणेत व दख्खनवर तिचा मोठा वापर होत असे. ब्रिटिश काळात मद्रास इलाख्यातून जाणाऱ्या कमावलेल्या चामड्यामागे हीच साल होती. त्यासाठी झुडपे वारंवार तोडली जात आणि खुंटातून पुन्हा फुटत. ऑगस्टनंतर मात्र कात्री लावू नये, नाहीतर ऐन नवरात्रातले कळे आपल्याच हाताने कापले जातील.

पाहुणे आणि रोग

फुललेल्या तरवडावर सकाळी मोठा काळा भुंगा घुमताना ऐकू येतो. या फुलात मध नसतो, तो केवळ परागासाठी येतो. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात, उरलेल्यांतला पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, आणि तो काढण्यासाठी भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो. घुमण्याचा सूर त्या क्षणी बदलतो, तो लक्ष देऊन ऐकावा. या भुंग्यासाठी बागेच्या कडेला वाळक्या लाकडाचा ओंडका किंवा जाड बांबू पडू दिला, तर तो त्यात घर करतो.

पावसाळ्यात पाने कुरतडलेली दिसली आणि पानाच्याच रंगाच्या हिरव्या अळ्या आढळल्या, तर फवारणीची घाई करू नये. त्या बहुधा मॉटल्ड एमिग्रंट किंवा तत्सम फिकट फुलपाखरांच्या असतात, आणि झुडूप त्यांना पोसून पुन्हा पालवते. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, त्यांवर मुंग्या फिरतात. त्याही उपद्रवी नाहीत. पिठ्या ढेकूण दाटीवाटीने लागलेला असेल तेवढी फांदी कापून जाळावी, फारच पसरला तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी

गच्चीवर १८ इंची कुंडीत तरवड जगतो, मात्र उंची चार फुटांच्या आत ठेवावी लागते आणि कुंडीत मूळ खोल जाऊ शकत नसल्याने पाणी कायमचे बंद करता येत नाही. माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच द्यावे, उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी. कुंडीखाली ताटली ठेवू नये. उत्तरेकडची बाल्कनी असेल तर हा बेत सोडून द्यावा.

फुले खुडताना

तरवडाच्या फुलांचा व कळ्यांचा चहा, चूर्ण आणि त्यांचे औषधी गुण यांविषयी बरेच सांगितले जाते. श्रीलंकेत ‘रणवरा’ या नावाने त्याचे पेय प्रचलितही आहे. परंतु बागेत झाड आहे म्हणून मधुमेहावर किंवा अन्य आजारावर स्वतःच उपचार सुरू करू नयेत, विशेषतः आधीची औषधे चालू असताना. वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

माळेसाठी फुले सकाळीच खुडावीत. पूर्ण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या ओवताना गळतात, म्हणून अर्धवट उमललेली फुले व टपोऱ्या कळ्या देठासह घ्याव्यात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. घटाला नऊ दिवस माळ हवी असेल तर एका झुडपाच्या भरवशावर राहू नये. तीन-चार झुडपे असावीत, रोज वेगळ्या झुडपाची फुले घ्यावीत, आणि प्रत्येकावर निम्मे तुरे तसेच सोडावेत. पुढच्या जानेवारीत शेंगा त्यांनाच धरतील.